प्रस्तावना : वैनगंगेचे पाणी, डोंगरीचे मँगनीज

वैनगंगा शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ उगम पावते, बालाघाटकडून भंडारा जिल्ह्यात शिरते, भंडारा शहराला लागून वाहते आणि पवनीच्या खाली गोसीखुर्दच्या धरणात अडते. पुढे ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून जाऊन वर्धेला मिळते. तिथून तिचे नाव प्राणहिता. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत मिसळते. इथपर्यंतचा भूगोल आपल्याकडच्या शाळेतल्या मुलांना पाठ असतो. त्यापुढचा मात्र सहसा कोणी सांगत नाही. गोदावरी तेलंगणात आणखी खाली उतरली, की मणुगुरूजवळ तिच्या काठी जड पाण्याचा कारखाना लागतो. १९९१ पासून हा कारखाना नदीचे पाणी आत घेतो आणि त्यात मुळातच असलेले जड पाणी वेगळे काढतो. आज हे जड पाणी आपल्या देशातल्या विखंडनाच्या, म्हणजे अणू फोडणाऱ्या, अणुभट्ट्यांत जाते. पण त्यातला ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, हेच उद्याच्या संमीलन भट्टीचे, म्हणजे हलके अणू जोडणाऱ्या भट्टीचे, अर्धे इंधन आहे.

म्हणजे तुमसर-मोहाडीच्या बांध्यांतून निथळलेले आणि लाखनी-साकोलीच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतून ओसंडलेले पाणी नदीबरोबर जाते, आणि त्याचा काही अंश उंच मनोऱ्यांतून खाली झिरपत अणुऊर्जेच्या साखळीत दाखल होतो. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. पाण्याचा प्रवास खरोखरच असा आहे.

संमीलन ऊर्जा आणि नौदलाचे तंत्रज्ञान या विषयावर भंडाऱ्यात बसून मराठी पुस्तक लिहायचे ठरले, तेव्हा ‘आपल्याकडे समुद्र कुठे आहे?’ असे बऱ्याच जणांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. इथून सर्वांत जवळचा किनाराही पाचशे किलोमीटरच्या वर आहे. पण या दोन्ही क्षेत्रांचे भवितव्य ज्यावर अडले आहे ती गोष्ट म्हणजे सामग्री : कोणते पोलाद, किती शुद्ध पाणी, कसा सांधलेला जोड. भौतिकशास्त्राची मूळ समीकरणे बऱ्याच काळापासून हाती आहेत. अडते आहे ते त्या समीकरणांना पेलणारे भांडे घडवण्यात. आणि सामग्रीचा प्रश्न आला की आपला जिल्हा या चर्चेत पाहुणा राहत नाही.

आधी पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. कोणत्याही नैसर्गिक पाण्यात हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा असतो. घरावरच्या हजार लिटरच्या टाकीत तो साधारण ३३ ग्रॅम भरतो. मणुगुरूला तो वेगळा काढण्यासाठी हायड्रोजन सल्फाइड हा वायू आणि पाणी एकमेकांवर खेळवतात. थंड मनोऱ्यात ३० अंशांच्या आसपास ड्यूटेरियम वायू सोडून पाण्यात शिरतो, तापलेल्या मनोऱ्यात १३० अंशांना पाणी सोडून वायूत जातो. ही देवघेव पुन्हा पुन्हा घडवत पाणी जड करत नेतात आणि शेवटी निर्वातात ऊर्ध्वपातन करून ते ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध करतात. वायू विषारी, पाणी साधे, फरक केवळ एका न्यूट्रॉनचा. भारत आज जड पाणी तयार करणाऱ्या जगातल्या प्रमुख देशांपैकी एक आहे. मणुगुरूसारखाच आपल्या राज्यातला थळचा कारखाना १९८७ पासून हे काम करतो आहे. त्याची पद्धत वेगळी, अमोनिया आणि हायड्रोजनची.

एक लिटर पाण्यातला सगळा ड्यूटेरियम पूर्णपणे संमीलित करता आला, तर सुमारे तीनशे लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा मिळेल. हे गणित बरोबर आहे, पण ते ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही. ड्यूटेरियमचे ड्यूटेरियमशी संमीलन घडवणे फार अवघड. त्यामानाने ड्यूटेरियम आणि ट्रिटियम (हायड्रोजनचेच आणखी जड रूप) यांची जोडी लवकर जुळते. तिला तरी दहा-पंधरा कोटी अंश तापमान लागतेच. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश असतात. सूर्याकडे प्रचंड गुरुत्वाकर्षण आहे, आपल्याकडे नाही, म्हणून आपल्याला त्याच्या दहापट तापवावे लागते. आणि ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाहीच. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, साठवून ठेवला तरी आपोआप आटत जातो. हजार मेगावॉट संमीलन शक्तीची भट्टी वर्षभर चालवायला सुमारे ५५ किलो ट्रिटियम लागेल. जगातला सारा नागरी साठा त्यापेक्षा कमी आहे. म्हणून भट्टीनेच आपल्या भिंतीतल्या लिथियमवर न्यूट्रॉन आदळवून आपले इंधन स्वतः पिकवले पाहिजे. असे पीक पूर्ण प्रमाणात अजून कोणी काढून दाखवलेले नाही. संमीलनाच्या बातम्यांत ही बाब मागे पडते, म्हणून या पुस्तकात तिला स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना संमीलन ऊर्जा दोन दशकांत माणसाच्या ताब्यात येईल, अशी आशा व्यक्त केली होती. सत्तर वर्षे झाली. या सत्तर वर्षांत काहीच झाले नाही, असे म्हणणारे चुकतात. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल संमीलन ऊर्जा निघाली. इंग्लंडमधल्या जेट या यंत्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये ०.२ मिलिग्रॅम इंधनातून पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल दिले. फ्रान्समधल्या वेस्ट यंत्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्लाझ्मा २२ मिनिटांच्या वर टिकवून धरला. आता हेच आकडे आपल्या वीजबिलाच्या भाषेत मांडू. ६९ मेगाज्यूल म्हणजे १९ युनिट. कॅलिफोर्नियातले ते ३.१५ मेगाज्यूल म्हणजे पुरते एक युनिटही नाही, आणि तो लेसर पेटवायला वीजजाळ्यातून ऐंशीच्या वर युनिट घेतले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत : झालेली प्रगती अस्सल आहे, आणि वीजघर अजून दूर आहे.

फ्रान्समध्ये काडाराश इथे उभ्या राहणाऱ्या ईटर या संमीलन प्रकल्पात भारत डिसेंबर २००५ मध्ये सहभागी झाला. पन्नास मेगावॉट घालून पाचशे मेगावॉट काढणे हे त्याचे उद्दिष्ट. २०२४ साली जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकाप्रमाणे तिथले संशोधन २०३४ मध्ये सुरू होईल आणि खरे इंधन २०३९ मध्ये पडेल. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९८९ मध्ये ‘आदित्य’ हे आपले पहिले टोकामॅक (प्लाझ्मा चुंबकांनी कोंडणारे यंत्र) चालवले, आणि ईटरमधला भारताचा वाटा तिथूनच सांभाळला जातो. या वाट्यातला सर्वांत मोठा नग म्हणजे क्रायोस्टॅट : सबंध यंत्राला वेढणारे ३,८५० टनांचे पोलादी निर्वात पात्र, रुंदी-उंची जवळजवळ तीस मीटर. ते लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याला घडवले आणि ५४ तुकड्यांत फ्रान्सला पाठवले. हजिरा म्हणजे तापीचे मुख. खानदेशातून वाहून गेलेल्या नदीच्या त्याच काठावर, त्याच कंपनीच्या त्याच आवारात ‘अरिहंत’ या आपल्या पहिल्या स्वदेशी अणुपाणबुडीचा सांगाडाही घडला.

या पुस्तकाच्या दोन विषयांची खरी गाठ तिथे पडते. सूर्याच्या आगीला वेढणारे पात्र आणि समुद्राचा दाब पेलायचे पात्र एकाच आवारातून बाहेर पडले. जाड पोलादी पत्रा वाकवणे, तो मिलिमीटरच्या हिशेबात ठेवणे, जोड असा घालणे की क्ष-किरणांत एक बुडबुडा दिसू नये, आणि घातल्यावर तो उष्णतेने पिळवटू नये. दोन्हीकडे परीक्षा हीच.

नौदल आणि अणू यांचे नाते जुने आहे. अमेरिकेची ‘नॉटिलस’ जानेवारी १९५५ मध्ये अणुशक्तीवर निघाली. पाणबुडीला अणुशक्तीची ओढ असण्याचे कारण साधे आहे. डिझेलला हवा लागते, हवेसाठी वर यावे लागते, आणि वर आले की दिसायला होते. अणुभट्टीला हवा लागत नाही. भारताला हे साधायला कित्येक दशके गेली. या कामात अनिल काकोडकरांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अभियंत्यांनी पाणबुडीत मावेल अशी भट्टी कल्पक्कमला उभी करून चालवून पाहिली. ऑगस्ट २००९ मध्ये ती पत्रकारांना प्रथम दाखवली गेली. त्याच्या काही दिवस आधी, २६ जुलै २००९ रोजी, विशाखापट्टणमला ‘अरिहंत’ पाण्यात उतरली होती. २०१३ मध्ये तिची भट्टी पेटली, २०१६ मध्ये ती नौदलात आली, आणि तिची बहीण ‘अरिघात’ ऑगस्ट २०२४ मध्ये दाखल झाली.

मग संमीलनावर चालणारी पाणबुडी कधी? या प्रश्नाचे उत्तर देताना वजनाची तुलना करून पाहावी. ‘अरिहंत’चे विस्थापन सुमारे सहा हजार टन. ईटरचे एकटे टोकामॅक तेवीस हजार टन. ‘विक्रांत’ ही आपली विमानवाहू नौका साधारण पंचेचाळीस हजार टनांची, म्हणजे त्या टोकामॅकच्या दुपटीच्या आत-बाहेर. शिवाय लाटांवर हेलकावणारे जहाज, शून्याखाली २६९ अंशांवर ठेवायचे चुंबक, आणि भट्टी पेटवण्यापुरतीच लागणारी अफाट वीज. हे सगळे एका पाणबुडीच्या पोटात घालणे आज तरी कोणाला जमण्यासारखे नाही. तरीही नौदलांनी त्याचा ध्यास सोडलेला नाही. अमेरिकी नौदलाने रॉबर्ट बसार्ड यांच्या पॉलीवेल या छोट्या संमीलन यंत्राला अनेक वर्षे पैसा पुरवला. लॉकहीड मार्टिनने २०१४ मध्ये ट्रकवर मावेल अशा भट्टीची घोषणा केली; तशी भट्टी अवतरली नाही. २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या एका संशोधकाचा छोट्या संमीलन यंत्राचा पेटंट अर्ज प्रसिद्ध झाला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. पेटंट म्हणजे कल्पनेवरचा हक्क. यंत्र चालल्याचा तो पुरावा नव्हे. विज्ञानाची आवड असलेल्या आपल्या मुलांनी एवढा फरक नीट लक्षात ठेवला, तर समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या अर्ध्या अफवा जागीच थांबतील.

माझे मत स्पष्ट सांगतो. पुढची दोन-तीन दशके भारतीय युद्धनौका गॅस टर्बाइन, डिझेल, बॅटरी, इंधन घट आणि विखंडनाच्या भट्ट्या यांवरच चालतील. संमीलन आले तर आधी जमिनीवर, किनाऱ्यावरच्या वीजघरात येईल. पण संमीलनाला लागणाऱ्या वस्तू जहाजावर त्याआधीच पोहोचतील. उच्च तापमानाच्या अतिवाहक फितीपासून अमेरिकी नौदलासाठी ३६.५ मेगावॉटची मोटर बनली आणि २००९ मध्ये पूर्ण शक्तीवर चालवून पाहिली गेली. तशाच फितीच्या पुढच्या पिढीतून सप्टेंबर २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका संमीलन कंपनीने २० टेस्लाचे चुंबक उभे केले. जपानने १९९२ मध्ये कोबेच्या बंदरात ‘यामातो-१’ ही पंखा नसलेली नौका चालवली होती. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून वीज सोडून चुंबकाने पाणीच मागे ढकलायचे, ही तिची युक्ती. वेग जेमतेम आठ नॉट मिळाला, कारण चुंबक कमजोर होते. २०२३ मध्ये अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेने तीच कल्पना पुन्हा हाती घेतली, कारण आता संमीलनवाल्यांनी चुंबक बलवान केले आहेत.

आपल्या राज्यातही नौदलाच्या तंत्रज्ञानाचे काम चालू आहे. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने फॉस्फोरिक आम्ल वापरणारी इंधन घट प्रणाली विकसित केली. पाणबुडीला दीर्घकाळ पाण्याखाली राहू देणारी ही यंत्रणा मार्च २०२१ मध्ये जमिनीवर यशस्वी ठरली. ती पाणबुडीत बसवण्याच्या कामाचा करार डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकबरोबर झाला. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला साखरेच्या कारखान्याभोवती वाढलेल्या उद्योगात नौदलाचे गिअरबॉक्स घडतात. या सगळ्यांवर पुढे लिहिलेच आहे. इथे नुसता उल्लेख पुरे.

आता मँगनीजकडे येतो. हा विषय मला सर्वांत जवळचा आहे, आणि खरे तर त्याच्यासाठीच हे पुस्तक लिहायला घेतले.

तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा लोहमार्ग गोबरवाहीवरून जातो. त्याच्या अंगाला चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मॉयल या सरकारी कंपनीच्या खाणी आहेत. चिखल्याची खाण भूमिगत, डोंगरीची उघडी. डोंगरीचे खनिज हातात घेऊन पाहावे : काळेकुट्ट, आकाराच्या मानाने फार जड, आणि बोटे काळी करणारे. मुठीएवढा खडा उचलताना मनगटाला अंदाज चुकल्यासारखा झटका बसतो. यातले मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीच्या घटात जाते. त्यासाठी डोंगरीलाच विद्युत अपघटनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड काढण्याचा कारखाना आहे. बाकीचे खनिज पोलादाच्या वाटेने जाते. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या इंग्रजी कंपनीने या पट्ट्यात खोदकाम केले, १९६२ मध्ये तिची सरकारी कंपनी झाली, आणि आज देशातले सर्वांत जास्त मँगनीज खनिज तीच काढते.

मँगनीजशिवाय पोलाद नाही. वितळलेल्या लोखंडातले गंधक आणि प्राणवायू तेच आवरते. ते नसेल तर लाल तापलेला पत्रा लाटताना फाटतो. युद्धनौकेच्या पत्र्यातही मँगनीज असते. प्रमाण वाढवत नेले की धातूचा स्वभाव बदलतो. बारा-तेरा टक्क्यांना तो ठोकून ठोकून आणखी कठीण होत जातो; रेल्वेच्या सांध्यांवर तेच पोलाद बसते. योग्य मिश्रणात मँगनीज पोलादाला अचुंबकीय करायला मदत करते. जर्मनीच्या पाणबुड्यांचा सांगाडा अशाच अचुंबकीय पोलादाचा, कारण चुंबकीय सुरुंगांना आणि शोधयंत्रांना तो सहज सापडत नाही.

आणि संमीलन भट्टी? तिथे मँगनीजची गोष्ट फार विलक्षण आहे. ईटरच्या मोठ्या चुंबकांना आवळून धरणाऱ्या कवचात, जिथे ताण सर्वांत जास्त, तिथे जपानने विकसित केलेले एक पोलाद वापरले आहे. त्यात सुमारे १० टक्के मँगनीज आहे. शून्याखाली २६९ अंशांना बहुतेक साधी पोलादे काचेसारखी तडकतात. हे तडकत नाही, उलट अधिक बळकट होते. पण हेच मँगनीज थोड्या अंतरावर, प्लाझ्मासमोरच्या भिंतीत ठेवले तर अडचणीचे ठरते. १९८० च्या दशकात धातुशास्त्रज्ञांना वाटले होते की भिंतीच्या पोलादातले निकेल काढून मँगनीज घालावे. निकेल न्यूट्रॉनच्या माऱ्याने दीर्घकाळ किरणोत्सारी होते. मँगनीजचा किरणोत्सार त्यामानाने लवकर ओसरतो. म्हणून जास्त मँगनीजची पोलादे बनवली, तपासली. मग लक्षात आले की निसर्गातल्या मँगनीजचा अणू, वस्तुमानांक ५५ चा, एक न्यूट्रॉन गिळून ५६ चा होतो. त्याचे अर्धायुष्य अवघे २.५८ तास. थोडक्या वेळात तो आपली सगळी ऊर्जा उधळतो. भट्टी बंद केली, थंड करणारा प्रवाहही थांबला, तर पहिल्या काही तासांत भिंत त्याच उष्णतेने धोक्यापर्यंत तापू शकते. शिवाय न्यूट्रॉनांच्या माऱ्यात या पोलादाची आतली बांधणीही टिकेना. ती वाट मागे पडली. आज भिंतीसाठी जी पोलादे घेतात, त्यांत ९ टक्के क्रोमियम, थोडे टंगस्टन, किंचित टँटलम असते, आणि मँगनीज अर्ध्या टक्क्याच्या आसपास. भारतानेही कल्पक्कम, गांधीनगर आणि हैदराबादच्या मिधानी यांच्या सहकार्याने असे पोलाद स्वतः तयार केले आहे.

एकच मूलद्रव्य, एकाच यंत्रात, एका जागी तारक आणि थोड्याच अंतरावर नकोसे. सामग्रीचे शास्त्र म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. आणि ते आपल्या मातीतल्या खनिजाचे आहे.

मँगनीज समुद्राच्या तळाशीही आहे, आणि तिथेही नौदलाची सावली पडलेली आहे. १९७४ च्या उन्हाळ्यात ‘ग्लोमार एक्स्प्लोरर’ नावाचे अमेरिकी जहाज पॅसिफिकमध्ये उभे होते. जगाला सांगितले गेले की ते तळावरचे मँगनीजचे गोटे वेचायला आले आहे. प्रत्यक्षात ते १९६८ मध्ये बुडालेली के-१२९ ही सोव्हिएत पाणबुडी जवळपास पाच हजार मीटर खोलीवरून उचलत होते. पाणबुडी वाटेतच तुटली, एक भाग हाती आला, आणि पुढच्या वर्षी बिंग फुटले. गोटे मात्र खरेच आहेत. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने हिंदी महासागरातून भारताचा पहिला गोटा वर काढला. १९८७ मध्ये या कामासाठी आंतरराष्ट्रीय नोंदणी मिळवणारा भारत पहिला देश ठरला. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा आपल्या वाट्याला आहे. त्या तळापर्यंत माणसे उतरवण्यासाठी ‘मत्स्य-६०००’ हे यान तयार होत आहे. त्याचा टायटॅनियमचा गोल ८० मिलिमीटर जाडीचा, इलेक्ट्रॉनच्या झोताने सांधलेला. पुन्हा तोच मुद्दा, जोडाचा.

या सगळ्यात आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला आतापर्यंत काय आले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. खनिज जाते, पाणी जाते, आणि त्यांपासून काय घडते ते ज्ञान इकडे परत येत नाही. तुमसरजवळचा फेरोमँगनीजचा कारखाना बंद पडून वर्षे लोटली. वरठीला मिश्रधातूंचे पोलाद तयार होते, ही मोठी जमेची बाजू. पण त्या पोलादाच्या परीक्षणाचे शास्त्र शिकायला इथल्या मुलांना नागपूर-पुणे गाठावे लागते. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत प्रणोदके आणि स्फोटके बनतात. तोफेचा प्रत्येक गोळा अशाच प्रणोदकावर सुटतो. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे झालेल्या स्फोटात आठ कामगार गेले. ऊर्जा कोंडण्याचे काम किती बेतशीर आणि किती निष्ठुर असते, हे या जिल्ह्याला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. म्हणूनच या पुस्तकातले सुरक्षिततेचे प्रकरण सर्वांत मोठे झाले आहे, आणि ते त्या आठ जणांना आठवून लिहिले आहे.

मला कळकळीने वाटते ते एवढेच : संमीलन आणि नौदल ही दूरच्या थोर माणसांची क्षेत्रे आहेत, हा समज आपल्या घराघरांतून जावा. ईटरचा क्रायोस्टॅट सांधणारे बहुतेक हात पदवीधर नव्हते. ते प्रमाणित वेल्डर होते. डोंगरीच्या खाणीत काम करणाऱ्याच्या मुलीने धातुशास्त्रात पदवी घेऊन अंबरनाथला किंवा कल्पक्कमला जावे, मोहाडीच्या आयटीआयमधल्या मुलाने निर्वात पात्राच्या जोडाचे प्रमाणपत्र मिळवावे, आणि पवनीच्या धरणात डोंगा हाकणाऱ्या ढिवराच्या नातवाने एक दिवस ‘मत्स्य’सारख्या यानात काम करावे, यात अशक्य असे काही नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. आपल्या आडात आहे. पोहरा सोडायला हवा, आणि त्यासाठी शाळेत, आयटीआयत, गावच्या वाचनालयात मराठीतून सांगणारी पुस्तके हवीत.

पुस्तकाच्या रचनेविषयी दोन शब्द. पहिली तीन प्रकरणे पाणी, ट्रिटियम आणि प्लाझ्मा यांची आहेत. त्यांना दहावीपर्यंतचे विज्ञान पुरते. मधली चार प्रकरणे पोलादाची. तिथे गती थोडी मंदावेल, पण ती ओलांडू नयेत, कारण पुढच्या पाणबुड्यांच्या प्रकरणांचा पाया तिथे आहे. चुंबकांच्या प्रकरणातले गणित चौकटीत वेगळे दिले आहे. ज्यांना नको असेल त्यांनी ते वगळून पुढे वाचावे. वेल्डिंगच्या आकृत्या मुद्दाम पानभर मोठ्या ठेवल्या आहेत, म्हणजे कार्यशाळेतल्या फळ्यावर त्या तशाच उतरवता येतील. शिक्षकांनी त्या जरूर उतरवाव्यात.